गार्ड स्टँड

परवा फोनवर तुमचं दोघांचं भांडण मी शेवटपर्यंत ऐकलं. दादाचं म्हणणं, तुमच्या गावच्या क्लबाने एखादा चांगला गोल करणारा खेळाडू आणावा, मैदान आपोआप भरेल. ताईचं म्हणणं, आधी बायकांची स्वच्छतागृहं वाढवा. सगळी मधली सुट्टी रांगेत उभं राहण्यात जाते, मग खेळ कितीही चांगला असला तरी मी कशाला येऊ? तेवढ्यात तुमच्याकडे दूध उतू गेलं आणि फोन बंद झाला. "आजी, तूच सांग," असं ताई म्हणत होती, ते तसंच राहिलं.

हा वाद मी तुमच्या जन्माच्या आधी ऐकला आहे. पूर्णेत, घराच्या ओट्यावर, संध्याकाळचा चहा झाला की तो सुरू व्हायचा. त्यात एका बाजूला तुमचे आजोबा असत आणि दुसऱ्या बाजूला आमचे घरमालक. आजोबांबद्दल तुम्हाला पुष्कळ ठाऊक आहे. घरमालकांबद्दल तुमच्या बाबाने तुम्हाला काही सांगितलं असेल असं वाटत नाही, म्हणून मी लिहिते आहे.

आम्ही दोघं पूर्णेत शाळेवर लागलो तेव्हा एका वर्षापुरत्या म्हणून त्यांच्या दोन खोल्या घेतल्या. तुमचा बाबा त्या खोल्यांत रांगला, चालला आणि तिथूनच कॉलेजला गेला. घरमालक मालगाडीवरचे निवृत्त गार्ड होते. सगळं गाव त्यांना गार्डसाहेब म्हणे, आम्ही काका म्हणत असू, आणि काकू त्यांना नुसतं 'गार्ड' म्हणत, तेही तिसऱ्याच माणसाबद्दल बोलावं तसं. "बाई, गार्डाला इचारा, भाकर खायचीय का." गार्ड समोरच बसलेले असत.

गाडीच्या अगदी शेवटच्या डब्यात, मागे पळणारे रूळ बघत त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्याचा परिणाम त्यांच्या सगळ्या वागण्यावर झाला होता. ते कुठेही शेवटी चालत. लग्नाच्या वरातीत शेवटी, सभेला जाताना शेवटी. आपल्याकडे बाजाराला निघालं की गडी पुढे आणि बायको चार पावलं मागे. यांचं उलटं होतं. काकू पुढे पिशवी हलवत, आणि काका मागून, हात पाठीवर बांधून. पानटपरीवरची मंडळी ओरडत, "गार्डसाब, डबा सुटला बगा म्होरचा!" काका मान न वळवता म्हणत, "सुटत न्हाई. मी हाय मागं."

रात्री दार लावण्याआधी ते विचारत, "गाडी पुरी आली का?" म्हणजे घरातली सगळी माणसं आत आली का. शेवटच्या डब्यावरची पाटी दिसल्याशिवाय स्टेशनवाला गाडी पुरी आली असं धरत नाही, हे त्यांनी आम्हाला शिकवलं. आमचं भाडेकरूंचं बिऱ्हाडही त्यांच्या गाडीत धरलेलं होतं. तुमच्या आजोबांना शाळेतून उशीर झाला तर काका ओट्यावर बसून राहत. काकू आतून म्हणत, "सर काय मालगाडी हायत का हरवायला?"

आता मैदानाचं सांगते. रेल्वेच्या वस्तीपलीकडे ते होतं. काळी माती, तीन बाजूंना कडुनिंब, चौथ्या बाजूला ताडकळसकडे जाणारा रस्ता. बसायला काहीही नव्हतं. वाफेच्या इंजिनांच्या काळात रेल्वेचा संघ फार चांगला होता, लोक झाडांवर चढून खेळ बघत, असं जुनी माणसं सांगत. मी गेले तोवर त्या खेळाडूंच्या बदल्या होऊन ते कुठे कुठे पांगले होते. कापूस वेचून झाला की थंडीत रविवारी सामने होत, आणि बघायला थोडे रेल्वेवाले, थोडी पोरं आणि शेंगा विकणारा एक जण.

आणि काका. पण काका सामना बघत नसत. ते मैदानाच्या कडेला, प्रेक्षकांच्या पुढे उभे राहत, खेळाकडे पाठ करून. तोंड प्रेक्षकांकडे. सगळा वेळ ते बघणाऱ्यांना बघत. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, शिस्तीसाठी कुणी नेमलेला माणूस असेल. तुमचे आजोबा त्यांना म्हणाले, "काका, खेळ तिकडं आहे."

"खेळ कळतो मला, सर. तोंडावर दिसतो." मग समोरच्या तोंडांकडे बघत ते सांगत, "आता बॉल उजवीकडं गेला. आता मारतो बगा. हुकला."

पुष्कळदा बरोबर येई, पुष्कळदा चुके. एकदा सगळे प्रेक्षक ओरडत उभे राहिले आणि काकांनी दोन्ही हात वर करून "गोल!" म्हणून आरोळी ठोकली. प्रत्यक्षात शेंगावाल्याच्या पोत्याखालून साप निघाला होता. कितीतरी महिने गाव त्यांना "काय गार्डसाब, गोल कुटं सरपटत गेला?" असं विचारत होतं. काकांचं म्हणणं एकच, "तोंडं तर गोलाचीच हुती."

ते असं उलटं का उभे राहतात, हे मी एकदा विचारलं. काकू शेजारी हळदीकुंकवाला गेल्या होत्या, आणि काका ओट्यावर कंदिलाची काच पुसत होते. वीज होती, पण त्यांना काच पुसायला आवडे.

"लग्नाला वर्ष झालं नसंल, बाई," ते म्हणाले. "लय मोठी म्याच हुती. मी तिला घेऊन गेलो. मैदान भरलेलं. गडी म्होरं, मी बी गड्यांत म्होरं. ती राह्यली मागं. घरी आल्यावर मनलो, कसा वाटला खेळ? तर मनली, 'मी लोकांच्या पाठी बगून आले. तुमची बी बगितली.'"

काच पुन्हा पुसून ते म्हणाले, "तवापासनं ती मैदानाला आली न्हाई. आन् तवापासनं मी बी बगणाऱ्यांकडं पाठ करून उभा राह्यलो न्हाई. कवा आली तर दिसाया पायजे की."

ही गोष्ट खरी की काकांनी रचलेली, हे मी काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "त्याला सांगा, तोंड हिकडं केल्यानं काय व्हतंय? बसायला जागा हाय का तितं? मी काय झेंडा धरून उभी राहू?"

म्हणजे खरी होती.

त्यानंतर मला ओट्यावरचा तो वाद वेगळा ऐकू येऊ लागला. तुमचे आजोबा दादाच्या बाजूचे. ते म्हणत, "काका, ताटात चांगलं असेल तर माणूस उभ्यानं जेवतो. आधी संघ सुधारा. खेळ चांगला झाला की लोक झाडावर बसतील."

"झाडावर गडी बसतात, सर. बाया बसतात का? इंतजाम पायजे. सावली पायजे, पाणी पायजे, आडोसा पायजे. इंतजाम केला की माणूस येतो, माणूस आला की पोरं जीव लावून खेळतात. रिकाम्या मैदानात कोण पळंल हो?"

"आणि इंतजाम करून लोक आले, पण खेळ भिकार असला तर?"

"तर बसून ऱ्हातील. बसायला जागा हाय की."

आजोबा हसून माझ्याकडे बघत. मी कोणाचीच बाजू घेत नसे. मला फुटबॉल कळत नव्हता, आणि काका कोणासाठी बोलतात ते कळत होतं.

एका वर्षी काकांनी इंतजाम केलाच. ओळखीच्या मंडपवाल्याकडून लग्नातला जुना मांडव आणला, खाली सतरंज्या, कडेला पाण्याचा रांजण. थोडं लांब, पत्र्याचे तुकडे उभे करून बायकांसाठी आडोसा. ताई, हे तुझ्यासाठी मुद्दाम लिहिते. त्या आडोशाचा त्यांना मांडवापेक्षा जास्त अभिमान होता. येईल त्याला ते तो बाहेरून दाखवत. तुमचे आजोबा म्हणाले, "काका, उद्घाटनाला कुणाला बोलावणार?" मी वर्गात इंग्रजी कविता शिकवणारी बाई, मला तोंड कुठे लपवावं कळेना.

बायका आल्या. रेल्वे वस्तीतल्या आल्या, भीमनगरातल्या आल्या, आमच्या शाळेतल्या शिक्षिका आल्या. येताना निवडायला तूर आणि सोलायला शेंगा घेऊन आल्या. काका त्यांच्यापुढे उभे, सगळ्यांच्या तोंडांवरून नजर फिरवत. पण सगळी तोंडं एकमेकींकडे होती. कुणाच्या मुलीचं जमलं, कुणाची सून माहेरी गेली, असं सगळं चाललं होतं. खेळ इतका रटाळ होता की दोन्ही संघांना गोल कुठे आहे ते ठाऊक नाही असं वाटावं. मध्यंतर झालं तोवर तुरी निवडून झाल्या होत्या. बायका पाणी पिऊन, पदर झटकून घरी गेल्या.

काकू आल्याच नव्हत्या. मी निघताना त्यांना बोलावलं होतं. त्या म्हणाल्या, "मांडव कशाचा हाय? लगीन कुणाचंय?"

"काकू, बसायला सतरंज्या आहेत. तुमच्यासाठी काकांनी तो आडोसासुद्धा केलाय."

"घरात संडास असताना मी त्या पत्र्यात कशाला जाऊ, बाई?"

त्या संध्याकाळी आजोबा म्हणाले, "सोय झाली काका, खेळ राहिला." एवढा मोठा वाद जिंकून आजोबांनाही बरं वाटलं नसावं, कारण पुढच्या वर्षी त्यांनीच नांदेडकडचा एक नामांकित संघ बोलावून घेतला. ओळखीपाळखी काढल्या, दोन वेळा स्वतः जाऊन आले. आणि खरोखरच, दादा, तू म्हणतोस तसं झालं. चुडाव्याकडून लोक गाडीने आले, ताडकळसकडून मोटारसायकलींवर तिघं तिघं आले. झाडं भरली, रेल्वे वस्तीच्या कंपाउंडची भिंत भरली. काकांनी त्याही वर्षी घातलेल्या मांडवात बायकांच्या पुढे गडी येऊन उभे राहिले, मग सतरंज्यांवर चढले, मग मांडवाच्या बांबूंवर. आम्ही मास्तरणी शेवटी उठून आलो. पाठींशिवाय काही दिसेना.

"काय काका, भरलं की नाही मैदान?" आजोबांनी विचारलं.

"भरलं. तोंडं लय हुती, सर." काका म्हणाले. "पर सगळी मिशावाली."

त्याच सामन्याच्या बक्षीस समारंभात 'स्टँड'चा प्रकार घडला. पाहुणे म्हणून एक मोठे पुढारी आले होते. गर्दी बघून ते खूश झाले आणि माइकवरून म्हणाले, "बोला, मैदानाला काय पाहिजे?" सगळे एकमेकांकडे बघत असताना काका मागून चालत पुढे आले. त्यांना पुढे आलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. माइक हातात घेऊन ते म्हणाले, "सायेब, स्टँड पायजे. बायाबापड्या इज्जतीनं बसतील असं स्टँड."

"दिलं!" पाहुणे म्हणाले. टाळ्या झाल्या. काका घरी येईपर्यंत बोलत होते. पायऱ्या किती, छप्पर कोणत्या बाजूला, बायकांचा जिना वेगळा. काकूंनी भाकरी थापता थापता विचारलं, "आन् मी कुटं बसू?"

माझ्या आठवणीत काकूंनी असं विचारलेलं ते एकदाच. काका गोंधळले. नुसतं "मधी," म्हणाले. "एकदम मधी."

पुढच्या उन्हाळ्यात खरोखरच मजूर आले आणि पाया खोदू लागले. मैदानात नव्हे, रस्त्याच्या कडेला. तीन भिंती उठल्या, वर पत्रे पडले, आत सिमेंटचा बाक झाला. उघडी बाजू रस्त्याकडे, पाठ मैदानाकडे. आणि मग रंगारी आला आणि त्याने वर लिहिलं, 'प्रवासी निवारा'.

तुम्हाला हसू येईल की नाही ठाऊक नाही. आपल्याकडे स्टँड म्हणजे एस्टीचं स्टँड. दुसरं कुठलं स्टँड असतं हे कागद लिहिणाऱ्याच्या, सही करणाऱ्याच्या आणि विटा मोजणाऱ्याच्या, कोणाच्याच मनात आलं नव्हतं. बायाबापड्या इज्जतीने बसतील असं स्टँड मागितलं होतं, ते त्यांनी दिलं होतं.

काका मिस्त्रीशी भांडायला गेले तेव्हा मी तिथेच होते. "तोंड फिरवा याचं!" ते सांगत होते. "तोंड हिकडं पायजे, मैदानाकडं!"

मिस्त्री समजूतदार होता. त्याने थापी खाली ठेवली. "काका, एस्टी काय मैदानातून जाईल का?"

"भिंतीला खिडकी तरी ठेव, बाबा."

"खिडकी न्हाई मंजूर. वाऱ्यासाठी जाळी बसवतो पायजे तर. ती बी वर."

तेवढंच झालं. पाठच्या भिंतीत, माणसाच्या डोक्याच्या वर, सिमेंटची एक जाळी बसली. गावाने त्या जागेला लगेच नाव दिलं, 'गार्ड स्टँड'. कंडक्टर ओरडू लागले, "गार्ड स्टँड हाय का कोनी?" काका बसमध्ये असले तर खाली मान घालून बसत आणि पुढच्या थांब्याला उतरून चालत येत. काही दिवस ते ओट्यावरही फुटबॉलचं बोलले नाहीत. आजोबांनी मुद्दाम विषय काढला तरी नाही. मग थंडी आली, सामने सुरू झाले, आणि ते पुन्हा आपल्या जागी जाऊन उभे राहिले, रस्त्याकडे तोंड करून. समोर थोडेसे प्रेक्षक, प्रेक्षकांच्या मागे त्यांचं ते पाठमोरं स्टँड.

काकूंचं माहेर ताडकळसच्या पुढे. ताडकळसलाच दिलेली थोरली बहीण आजारी होती, म्हणून त्या रविवारी तिला बघायला जात. एका रविवारी मी बाजारातून पिशवी घेऊन येत होते. गार्ड स्टँडमध्ये बाकाखाली चपलांचा एक जोड नीट लावून ठेवलेला दिसला. वर बघते तर काकू बाकावर उभ्या. गुडघे दुखतात म्हणून ज्या बाई घरात पाटावर बसत नसत, त्या सिमेंटच्या बाकावर चढून, दोन्ही हातांनी जाळी धरून, डोळा लावून उभ्या होत्या.

"काकू, तुमची एस्टी गेली. मला आत्ताच वाटेत लागली."

"जाऊ द्या. दुसरी येती." मान वळवली नाही. मग हळूच म्हणाल्या, "वर या. हात द्या. पर त्याला सांगशाल तर माजी शपथ हाय. सांगितलं की उद्या हितं गादी आणून टाकंल."

मी वर चढले. जाळीतून सगळं दिसत होतं, लोकांच्या डोक्यांवरून, अगदी थेट. खेळ नेहमीसारखाच होता. "तो उंच पोरगा बगा," काकू सांगू लागल्या, "बॉल आला की नवरीवानी लाजतो. आन् तो गोलात उभा हाय त्याला निस्ती झोप यायलीय." मला कळलं की त्या पहिल्यांदा चढलेल्या नाहीत.

मग मीही अधूनमधून जात असे. खाली कुणी प्रवासी आले की आम्ही उतरून, पदर सावरून, एस्टीची वाट बघणाऱ्या दोन बायका होऊन बसत असू. काकू प्रवाशांना विचारतसुद्धा, "ताडकळसची गेली का वो?" ती त्यांच्यासमोरूनच गेलेली असे. मला आयुष्यात इतकं हसू फार कमी वेळा दाबावं लागलं आहे. तुमचे आजोबा विचारत, "रविवारी तू असतेस कुठे?" मी म्हणे, "स्टँडवर." ते खोटं नव्हतं.

त्या जागेची मला आता फार आठवण येते. इथे परभणीत फ्लॅटच्या गॅलरीत वारा चांगला येतो, खुर्ची आहे, सगळं आहे. पण कुणी हात देऊन "वर या" म्हणत नाही.

पुढे एका ट्रॅक्टरची ट्रॉली मागे घेताना बाकावर आदळली आणि बाक मधून तुटला. दुरुस्तीला कुणी आलं नाही. काकूंनी त्याच्याच विटा एकावर एक रचल्या आणि त्यावर उभ्या राहू लागल्या. एका वादळात पत्रे उडाले, मग त्या डोक्यावर टॉवेल घेऊन येत. सामनेही उतरत चालले. चांगली मुलं पुण्याकडे कामाला गेली, नांदेडचा संघ पुन्हा कधी आला नाही. कधी कधी अकरा जण भरत नसत. प्रेक्षक इतके थोडे झाले की काकांसमोर चार-दोन म्हातारे आणि एक झोपलेलं कुत्रं असे. तरी ते उभे राहत. बहीण वारली त्यानंतर काकूंना ताडकळसला जायचं काही कारण उरलं नव्हतं, पण रविवारी दुपारी त्या पिशवी घेऊन निघत. आणि काका ओट्यावरून विचारत, "कुटं?" "बहिणीच्या लेकराला बगाया," असं उत्तर येई.

काकू एका पावसाळ्यात गेल्या. चार दिवसांचं दुखणं. काकांनी त्यांना शेवटपर्यंत नीट पोचवलं, सगळ्यांच्या मागून चालत. नंतर त्यांनी रात्री गाडी पुरी आली का असं विचारणं सोडलं. दार उघडंच राहू लागलं. मी लावून घेत असे.

थंडीत सामने सुरू झाले तरी ते गेले नाहीत. मग ताडकळसहून काकूंच्या भाच्याच्या घरचं बोलावणं आलं, आणि मी त्यांना घेऊन निघाले. एस्टीला वेळ होता. गार्ड स्टँडमध्ये, मोडक्या बाकाचा जो तुकडा उरला होता त्यावर ते बसले. मैदानात त्या दिवशी कुणी नव्हतं. शेळ्या चरत होत्या. काका रस्त्याकडे बघत म्हणाले, "सर जिंकले बगा, बाई. मी सावली केली, पाणी केलं, स्टँड मागितलं. ती न्हाई आली. खेळच चांगला पायजे हुता. नांदेडवाल्यांची तेव्हडी एक म्याच चांगली हुती, तवाच बोलवायचं हुतं."

शपथ घालणारी व्यक्ती गेली की शपथ सुटते का, हे मला ठाऊक नाही. पण त्यांना तसं बसलेलं बघून मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काका, काकू यायच्या."

"कुटं?"

"इथं." मी जाळी दाखवली, आणि त्या विटा. अजून तशाच रचलेल्या होत्या.

त्यांनी वाकून एकेक वीट मोजली. मग गार्डाच्याच सवयीने चौकशी सुरू केली. "कवापासनं?"

"स्टँड झालं त्या वर्षापासून."

"मंग बाकामुळं. बसायला जागा झाली मनून."

"बसत कुठे होत्या? उभ्या राहायच्या. आणि बाक मोडल्यावरही येत होत्या. पत्रे उडाल्यावरही."

"मंग खेळासाठी." पण ते स्वतःच थांबले. "कोनच्या खेळासाठी? त्या वर्षांत तर अकरा पोरं भरत नव्हती. काय हुतं बगायला?"

हेच मी काकूंना एकदा विचारलं होतं, त्या विटांवर उभ्या असताना. त्यांनी जे उत्तर दिलं ते मी काकांना जसंच्या तसं सांगितलं. काकू म्हणाल्या होत्या, "सगळे तिकडं बगतात. ह्यो एकटाच हिकडं तोंड करून उभा. एवढा उन्हातान्हात उभा ऱ्हातो, तर कुनी त्याच्याकडं बगाया नको का?"

काका उठले. विटांवर चढायला त्यांना जमेना, म्हणून खालूनच हात वर करून त्यांनी जाळीला बोटं लावली. तिच्यातून मैदान दिसत नव्हतं त्यांना, नुसतं आभाळ दिसत असणार.

"मला सांगायचं की गं," ते म्हणाले.

"शपथ घातली होती, काका," मी लगेच म्हटलं. आणि मग माझ्या लक्षात आलं. तुम्ही आता घरात मराठी कमी बोलता, म्हणून लिहून ठेवते. पूर्णेत परक्या बाईशी, शिक्षिकेशी बोलताना माणूस 'वो' म्हणतो. काका माझ्याशी इतकी वर्षं 'वो'च म्हणाले. 'गं' फक्त आपल्या बाईला म्हणतात, आणि तेही ती समोर असताना.

मी बाहेर रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिले. एस्टी आली, कंडक्टरने "गार्ड स्टँड" म्हणून आरोळी दिली, आणि मी त्याला हाताने खूण केली, जाऊ द्या. दुसरी येईल.